जागा कोणी खाल्ली?

डिस्क भरली की पहिला आळ माणसांवर येतो. घरात असेल तर मुलाच्या गेमवर, ऑफिसात असेल तर नव्याने लागलेल्या पोरावर. मशिनने स्वतःच काही साठवून ठेवलं असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या अक्षरजुळणीच्या दुकानातही हेच झालं, आणि तेही ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात, जेव्हा कुणाला कुणाशी भांडायलाही फुरसत नसते.

अक्षरजुळणी म्हणायचं आपलं जुन्या सवयीने. पाटीवर ‘डीटीपी’ आहे आणि कामं सगळीच होतात: पुस्तकं, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अंधारा जिना चढून वर. दुकान अण्णांचं. ताई मजकूर टाइप करतात, पानं लावतात. डिझाइनचं एक पोरगा बघतो, त्याला सगळे भाऊ म्हणतात. मी मुद्रितं तपासतो, आणि कॉम्प्युटरचंही बघतो, कारण ते कुणीतरी बघावंच लागतं. मशिनं तीन, पण फायली सगळ्या एकाच मशिनच्या डी ड्राइव्हवर. तिथे पहिल्या पायरीला चार फोल्डर होते: ‘अण्णा’, ‘ताई’, ‘भाऊ’ आणि ‘इतर’. कधीकाळी सोयीसाठी केलेली ही रचना. पुढे जे झालं त्याचं मूळ तिच्यातच होतं, पण ते नंतर.

तर एका संध्याकाळी भाऊच्या फोटोशॉपने फाइल सेव्ह करायला नकार दिला. स्क्रॅच डिस्क भरली आहे, असं म्हणालं. फोटोशॉप काम करताना तात्पुरता पसारा मांडायला डिस्कवर मोकळी जागा मागतं, आणि आमच्याकडे ती डी ड्राइव्हवर नेमून दिलेली होती. डी ड्राइव्ह उघडून पाहिला तर खालची पट्टी लाल.

“आधी भाऊची गाणी काढून टाका,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, गाणी मी मोबाइलवर ऐकतो. ताईंच्या फोल्डरमध्ये बघा जरा. हजारो फायली आहेत तिथे.”

ताईंनी स्क्रीनवरून नजरही काढली नाही. “मजकूर आहे तो माझा. मजकुराला कितीशी जागा लागते?”

तिघांचीही खात्री पक्की होती आणि तिघांनीही मोजलेलं काहीच नव्हतं. भाऊचा युक्तिवाद तर नेहमी ऐकू येणारा: फायली जास्त म्हणजे जागा जास्त. संख्या डोळ्यांना दिसते, आकार दिसत नाही, त्यामुळे ही गल्लत होतेच. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फाइलसमोर आकाराचा आकडा येतो, फोल्डरसमोरचा रकाना मात्र कोराच. एखाद्या फोल्डरचं वजन बघायचं तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग आकडा वाढत वाढत थांबेपर्यंत वाट बघा. तो मोठा निघाला तर आत शिरा, आतल्या प्रत्येक फोल्डरला पुन्हा तेच. दोन पायऱ्या उतरेपर्यंत वरचे आकडे विसरलेले असतात. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची या बाबतीत पहिल्यापासून सोय होती. ‘डीयू’ नावाची आज्ञा १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. कुठल्या फोल्डरने किती जागा धरली, त्याची यादी ती ओळीने छापते. पण यादी ती यादीच. हजार ओळींच्या यादीतून गुन्हेगार शोधणं म्हणजे पुन्हा मुद्रितशोधनच.

मी ‘विनडिरस्टॅट’ नावाचा प्रोग्रॅम चालवला. फुकट आहे, छोटा आहे, २००३ पासून चालत आलेला आहे. ड्राइव्ह निवडला की तो एकेक फोल्डर मोजत सुटतो, आणि मोजणी चालू असताना जुन्या व्हिडिओ गेममधले पिवळे पॅकमन रांगेत इकडून तिकडे तोंड उघडमीट करत फिरत राहतात. भाऊला हा भाग सगळ्यात आवडला. मोजणी संपली की वरच्या अर्ध्या भागात फोल्डरांची उतरंड येते, सगळ्यात जड फोल्डर वर. शेजारी फायलींच्या प्रकारांची यादी, प्रत्येक प्रकाराला एकेक रंग. आणि खालच्या अर्ध्या भागात तो रंगीत नकाशा, ज्याच्यासाठी हा प्रोग्रॅम बघायचा.

तलाठ्याकडचा गावनकाशा ज्याने पाहिला असेल त्याला हे लगेच उमगेल. पूर्ण आयत म्हणजे सगळा ड्राइव्ह. त्यात प्रत्येक फोल्डरला त्याच्या वजनाएवढा तुकडा, त्या तुकड्यात पोटफोल्डरांचे गट, आणि शेवटी प्रत्येक फाइल म्हणजे एक चौकोन. फाइल मोठी तर चौकोन मोठा. चौकोनावर क्लिक केलं की वरच्या उतरंडीत ती फाइल पत्त्यासकट उघडी पडते. बारक्या फायली इतक्या बारीक होतात की त्यांचा नुसता रवाळ राखाडी पट्टा दिसतो. ताईंचे सगळे मजकूर त्या पट्ट्यात होते. हजारो फायली, आणि एका कोपऱ्यात मावलेल्या. भाऊ काही बोलला नाही.

या नकाशाचा जन्मही असाच, एका सामाईक डिस्कवरून झाला आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास ८० एमबीची एक हार्ड डिस्क होती आणि ती १४ जण मिळून वापरत. ८० एमबी! आज लग्नातला एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. ती भरली, आणि कुणी किती जागा धरली आहे हे एका नजरेत कसं दिसावं, यावर श्नाइडरमन विचार करत बसले. झाडासारखी फांद्यांची आकृती काढली तर ती पानभर पसरते आणि मधली बरीच जागा रिकामी जाते. त्यांनी फांद्या सोडून दिल्या आणि एकाच आयताची वाटणी करायचं ठरवलं: एका पायरीला उभे काप, पुढच्या पायरीला आडवे. या कल्पनेला त्यांनी ‘ट्रीमॅप’ म्हटलं. त्यांचा लेख १९९२ मध्ये छापून आला.

पण एका पायरीतले सगळे काप एकाच दिशेचे, आणि भाऊहिश्श्याची वाटणी अशी होत गेली की शेताचं जे होतं तेच त्या नकाशाचंही झालं. लांबलचक, वीतभर रुंदीच्या पट्ट्या. अशा दोन पट्ट्यांतली मोठी कोणती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. नेदरलँड्समधल्या आइंटहोवन तंत्रविद्यापीठात यार्के फान वाइक आणि सहकाऱ्यांनी ते दुरुस्त केलं. १९९९ मध्ये त्यांनी प्रत्येक तुकड्याला उशीसारखा फुगवटा देणारी छटा सुचवली, म्हणजे कडेची रेघ न मारताही तुकडे सुटे दिसतात. २००० मध्ये तुकडे होता होईल तो चौरसाच्या जवळ ठेवण्याची रीत मांडली. तिथलाच ‘सिकोयाव्ह्यू’ हा प्रोग्रॅम, त्यावरून लिनक्सवर स्टेफान हुंडहामर यांचा ‘केडिरस्टॅट’, आणि केडिरस्टॅटवरून विंडोजचा हा आमचा विनडिरस्टॅट. शेअर बाजाराचे लाल-हिरव्या चौकोनांचे नकाशे आपण रोज बघतो, तेही याच घराण्यातले.

आता आमच्या नकाशाकडे. त्यात पहिली गोष्ट नजरेत भरली ती जुळ्यांची. ‘भाऊ’च्या तुकड्यात एकाच रंगाचे, जवळपास एकाच मापाचे चौकोन जोडीजोडीने शेजारी बसलेले. नकाशात तुकडे आकाराच्या क्रमाने मांडले जातात, त्यामुळे सारख्या वजनाच्या फायली आपोआप शेजारी येतात. एकावर क्लिक केलं: अमुक फ्लेक्सची, कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमची फाइल. शेजारच्यावर क्लिक केलं: तेच नाव, पण आधी ‘बॅकअप ऑफ’ जोडलेलं. कोरल ड्रॉमध्ये सेव्ह करताना आधीची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवून द्यायची सोय असते. ती चालू होती, आणि असायलाच हवी. वीज गेली आणि फाइल बिघडली की हीच प्रत हात देते. पण काम छापून, पैसे येऊन, फ्लेक्स फाटून गेला तरी ती प्रत तिथेच. अशा कितीतरी वर्षांच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्लेक्सच. इथे जरा गणित मांडतो, कारण ते मांडल्यावर दुकानातला सूरच बदलला. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स, इंचाला ७२ ठिपके धरले तरी, १७,२८० बाय ८,६४० ठिपक्यांचा होतो. छपाईच्या चार रंगांचे मिळून ठिपक्यामागे चार बाइट. म्हणजे एकही लेअर (चित्रावर चढवलेला थर) न धरता, दाबून लहान न करता, सुमारे ६०० एमबी. आणि फ्लेक्स एकदा होत नाही. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा असेल तर मुळीच होत नाही. साहेबांचा फोटो मोठा करा. झाला. आता शेजारच्या साहेबांचा बारीक दिसतोय, तो वाढवा. खालच्या रांगेत शुभेच्छुकांमध्ये एक राहिला. भाऊ शहाणा मुलगा आहे, गिऱ्हाईक परत पहिल्यावर येणार हे त्याला माहीत असतं, म्हणून तो प्रत्येक वेळी नव्या नावाने सेव्ह करतो. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल छापायला’, ‘छापायला साहेब ओके’. चार फायली, त्यांच्या लेअरसकट.

आता दिवाळी अंक घ्या. लाखभर शब्दांचा मजकूर असेल असं समजू. मराठी शब्दाला मात्रा, वेलांट्या आणि पुढची मोकळी जागा धरून सरासरी सहा-सात चिन्हं, आणि युनिकोडच्या रोजच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. सगळा अंक, कथा-कवितांसकट, दोन एमबीच्या आसपास. (जुन्या फाँटच्या पद्धतीत तर चिन्हाला एकच बाइट लागायचा, म्हणजे आपला मजकूर युनिकोडमध्ये येऊन उलट जाड झालाय. तरी एवढाच.) त्याच अंकातलं ए-फोर मापाचं एक चित्र, छपाईच्या ३०० ठिपक्यांनी, दाबलं नाही तर ३५ एमबी. ताईंनी ही बेरीज ऐकली आणि फक्त “म्हटलं नव्हतं?” एवढंच म्हणाल्या.

तिसरी गोष्ट कुणाच्याच फोल्डरमध्ये नव्हती. डी ड्राइव्हच्या मुळाशी एक लपवलेलं फोल्डर असतं, रिसायकल बिनचं. डेस्कटॉपवर टोपली एकच दिसते, पण प्रत्येक ड्राइव्हचं कोठार वेगळं असतं आणि टाकलेल्या फायली त्याच ड्राइव्हवर जागा धरून बसतात. अण्णा दर महिन्याला जुनं काहीतरी डिलीट करायचे आणि जागा वाढत का नाही म्हणून कॉम्प्युटरवाल्याला फोन करायचे. त्यांनी टाकलेलं सगळं तिथे शिस्तीत पडून होतं. शेजारी ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं आणखी एक. त्यात विंडोज मशिनच्या मागच्या अवस्थेच्या छायाप्रती ठेवतं, अर्थात ती सोय चालू असेल तर. आमच्याकडे कुणीतरी ती डी ड्राइव्हलाही चालू केली होती. त्या फोल्डरमध्ये साध्या परवानगीने डोकावता येत नाही. विनडिरस्टॅटला ‘अज्ञात’ जागाही दाखव असं सांगितलं की नकाशात एक निनावी ढेकूळ उभं राहतं, ते यातूनच येतं. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की त्यातलं बरंच उलगडतं.

हातासरशी सी ड्राइव्हही पाहिला. तिथे सगळ्यात ठळक चौकोन ‘हायबरफिल डॉट सिस’चा. मशिन झोपवताना (‘हायबरनेट’ करताना) रॅममधलं सगळं जिथे उतरवून ठेवायचं ती ही फाइल. विंडोज १० मध्ये तिचा आकार साधारणपणे रॅमच्या ४० टक्के धरलेला असतो. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर. लॅपटॉपला ती उपयोगाची. पण आमच्याकडे रात्री मशिन रीतसर बंद करून यूपीएसचं बटणही बंद करतात, झोपवत कुणीच नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’ची एक ओळ दिली की फाइल जाते. सकाळी मशिन चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात ताईंचा चहा होतो.

नकाशा म्हणेल ते सगळं खरं मानायचं असंही नाही. विंडोजच्या आत ‘विनएसएक्सएस’ नावाचं एक फोल्डर आहे, ते अवाढव्य दिसतं आणि नवशिके ते पुसायला धावतात. त्यातल्या बऱ्याच फायली म्हणजे दुसरीकडे असलेल्याच फायलींची दुसरी नावं असतात. डिस्कवर फाइल एकदाच असते, पण नावं दोन असली की मोजणाऱ्याला ती दोनदा दिसू शकते. ते फोल्डर हाताने पुसलं तर विंडोज मोडतं. क्लाउडवर ठेवलेल्या फायलींचं नेमकं उलटं होतं: आकार दिसतो, डिस्कवर मात्र नुसती खूणगाठ असते. म्हणून ‘आकार’ आणि ‘डिस्कवरचा आकार’ हे दोन्ही आकडे बघावेत. ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी ‘विझट्री’ आहे. तो एकेका फोल्डरच्या दारात जाण्याऐवजी ड्राइव्हची मूळ नोंदवहीच वाचतो आणि काही सेकंदांत नकाशा पुढ्यात ठेवतो. पॅकमन मात्र त्यात नाहीत.

अण्णांना एक शंका जुनी होती. “टीबीची डिस्क घेतली होती आपण. ही ९३१ दाखवतेय. बाकीची कुठंय? त्या दुकानदाराने तर…” नाही अण्णा. डिस्क बनवणारे हजारच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. बाइट तेवढेच आहेत. दुकानदार बिचारा सुटला, पण बघा, इथेही आधी माणूसच आठवला.

मोबाइलची गोष्ट निराळी नाही, फक्त तिथे कुणी नकाशा काढत बसत नाही. गूगलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘फाइल्स गो’ हे फोनमधली जागा मोकळी करणारं ॲप आणलं तेव्हा भारतातल्या सुप्रभातच्या चित्रांची बरीच चर्चा झाली होती. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ आहे, तिथे पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या काढून मिळतात. अँड्रॉइडवर तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओची प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्येही राहते, तिकडे एकदा बघाच. ताईंच्या फोनमधलं निम्मं ओझं त्यांनी स्वतःच पाठवलेलं निघालं.

तर जागा कशाने भरली हे कळलं. पुसायची कुणी, यावर मात्र पुन्हा गाडं अडलं. नकाशा समोर होता आणि त्यावर सगळ्यात मोठं नाव ‘भाऊ’ होतं. अण्णा ते नाव बघत होते. भाऊ अण्णांकडे बघत होता. श्नाइडरमन यांच्या १४ जणांचं काय झालं असेल कोण जाणे, पण आमच्याकडे एका रंगीत चित्राने एका पोराला उघडउघड आरोपी केलं होतं, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं होतं. फ्लेक्स काही त्याच्या हौसेचे नव्हते. ती दुकानाची कामं होती, अण्णांनीच घेतलेली. चित्राचाही दोष नव्हता. आपण फोल्डरांची उतरंड जशी रचतो, तशीच ते वाटणी दाखवतं. पहिल्या पायरीला माणसांची नावं घातली तर चित्रात माणसंच दिसणार.

मी अण्णांना म्हटलं, पुसापुशी दोन दिवस थांबवू. फक्त टोपली रिकामी करतो, भाऊचं आजचं काम निघून जाईल. मग एका रविवारी दुकान बंद असताना बसून फोल्डर हलवले. पहिल्या पायरीला वर्ष. त्याखाली कामाचा प्रकार: पुस्तकं, अंक, पत्रिका, फ्लेक्स. त्याखाली गिऱ्हाईक. ‘बॅकअप ऑफ’वाल्या फायली, छापून झालेल्या कामांच्या तेवढ्या, शोधून काढल्या आणि भाऊला दाखवून पुसल्या. ताईंच्या मजकुरातलं काहीही पुसलं नाही, त्यातून मिळणार तरी काय होतं. उलट पानं लावायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रॅममधल्या पुस्तकांसोबत त्या त्या वेळचा फाँट आणि एक पीडीएफ ठेवून दिलं, कारण फाँट नसेल तर ती फाइल उघडूनही वाचता येणार नाही. तीन वर्षांपूर्वीचे फ्लेक्स उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकले. आधीच्या रचनेत हे एका फटक्यात करताच आलं नसतं. एकेकाच्या फोल्डरमध्ये जाऊन विचारत बसावं लागलं असतं.

सोमवारी पुन्हा नकाशा काढला. पॅकमन फिरले, चौकोन उमटले. माणसांची नावं कुठेच नव्हती. सगळ्यात मोठा तुकडा होता ‘फ्लेक्स’चा, चालू वर्षाचा, आणि त्यात एकेका गिऱ्हाइकाच्या नावाखाली चार-चार, सहा-सहा चौकोन ओळीने बसलेले.

अण्णा बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी भाऊला विचारलं, “फ्लेक्सच्या दरात डिझाइन धरलेलं असतं ना आपलं? आणि हे सहा-सहा वेळा बदलून मागतात, त्याचे काय घेतो आपण?”

“काही नाही, अण्णा.”

आता बिलबुकात एक जास्तीची ओळ आहे. दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे. साहेबांचा फोटो मोठा करायला सांगणारे अजूनही येतात, पण दुसऱ्या खेपेलाच ठरवून येतात.